गुरुवारी अकरा वाजता

एप्रिल उजाडला की आमच्या समोरच्या इमारतीतला भूप सुरू होतो. तिथे तळमजल्यावर गाण्याचा क्लास आहे. वर्षभर तो आपल्या बेताने चालतो, पण परीक्षा तोंडावर आल्या की दुपारी तीनपासून मुली येऊन बसतात आणि तेच ते आलाप घोटत राहतात. मी इथे कोथरूडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, घरून ऑफिसचं काम करत असते. कानात हेडफोन, समोर स्क्रीनवर चार गंभीर चेहरे, आणि खिडकीतून आत येणारा कुणाचा तरी पंचम. तो जरासा उतरलेला असला की माझं लक्ष उडतं. मग कुणीतरी दोनदा हाक मारतं आणि मी घाईघाईने म्हणते, हो हो, ऐकतेय. खोटं नसतं ते. फक्त भलतंच ऐकत असते.

माझा नवरा म्हणतो, एवढं आवडतं तर जाऊन बस ना तिथे. त्याला काय सांगणार! आवडण्याचा प्रश्नच नाही. मला एप्रिल सोसत नाही.

मी संगीत घेऊन बी.ए. केलं, हे आता ऑफिसात कुणाला सांगितलं तर लोक आधी हसतात आणि मग गणपतीत गायला सांगतात. नव्वदीचं दशक अर्ध्याहून पुढे सरकलं होतं तेव्हा. कोथरूडात किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. माझा चुलतभाऊ अशाच एका पाटीखालून आत शिरला तो थेट अमेरिकेत निघाला. बाबा कारखान्यात फोरमन. ते मला म्हणाले, "संगीतात बी.ए.? बरं. म्हणजे पुढे नक्की काय करायचं ठरलंय?" मी म्हणाले, "इंडस्ट्रीत जाणार." हा शब्द आम्ही सगळ्याच तेव्हा तोंडात घोळवत होतो. टीव्हीवर एकाचे पन्नास चॅनेल झाले होते, प्रत्येकाला गाणाऱ्या मुली हव्या होत्या, कॅसेटची दुकानं भरून वाहत होती. कॉलेजनंसुद्धा शेवटच्या वर्षाला एक नवा पेपर सुरू केला, ध्वनिमुद्रण आणि संगीत व्यवसाय असं लांबलचक नाव असलेला. आमच्या विभागप्रमुख बाईंना तो अजिबात पसंत नव्हता.

"इंडस्ट्री म्हणजे काय गं?" बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या. "सकाळी भोंगा झाला की गायला लागायचं का?"

बाईंचं बोलणं असंच. कुणी तान घेतली की म्हणायच्या, "छान. आता सुरात घे." मला एकदा म्हणाल्या होत्या, "आवाज गोड आहे तुझा. गाणं कधीपासून सुरू करतेस?" वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी जाऊन तासभर रडले. वंदनाला मात्र बाई असलं काही बोलत नसत. तिचं गाणं झालं की त्या गप्प बसायच्या आणि मग फक्त म्हणायच्या, "हं. पुढची." बाईंच्या त्या 'हं'साठी मी तीन वर्षं झुरले.

वंदना वर्ध्याची. मुलींच्या वसतिगृहात राहायची, पायात रबरी चपला, डोक्याला चप्प तेल. बोलायला लागली की वर्गात खुसुखुसु सुरू व्हायचं. "तू काय करून राहिली?" असं ती विचारायची आणि आमच्या पेठेतल्या मैत्रिणी एकमेकींना कोपराने ढोसायच्या. गायला लागली की कोपरं जागच्या जागी. मोठा आवाज नव्हता तिचा. पण ती सा लावायची तेव्हा खोलीतला पंखासुद्धा जास्त वाजतोय असं वाटायचं. कुणीतरी उठून तो बंद करायचं, त्या उकाड्यात.

आणि तो उकाडा! परीक्षेच्या मोसमात आमच्या घरी दही बंद, कैरी बंद, माठातलं पाणीसुद्धा बंद. आई मला ज्येष्ठमधाच्या काड्या चघळायला लावायची. गळ्याला मफलर तेवढा गुंडाळायचा बाकी होता. वंदना कॉलेजच्या फाटकाशी उभी राहून तिखटमीठ लावलेल्या कैरीच्या फोडी खायची. मी ओरडायचे, "अगं, घसा बसेल!" ती म्हणायची, "काऊन बसंल? कैरी पोटात जाते, घशात कुठं राहते?" आणि आत जाऊन तारसप्तकात लख्ख गायची. मला तिचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. तेव्हा वाटायचं, कौतुकच जास्त आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेची एक रीत होती आमच्याकडे. एक मुलगी गायला बसली की हजेरीपटातली पुढची मुलगी तिच्या मागे तंबोरा घेऊन बसायची. मागचीनं पुढचीच्या पट्टीत तंबोरा लावून द्यायचा. मी काळी पाचमध्ये गायचे, वंदना काळी चारमध्ये. माझ्यानंतर तिचा नंबर, आणि तिच्यानंतर पटावर कुणीच नाही. त्यामुळे तीन वर्षं प्रत्येक परीक्षेत माझ्या पाठीशी वंदना होती, आणि तिच्या पाठीशी मी. तंबोरा लावणं हे काम दिसतं तेवढं साधं नाही. खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे, घोडीवरचा दोरा केसभर इकडे तिकडे करायचा, मग तारा अशा बोलायला लागतात की गाणाऱ्याला नुसतं त्यात शिरायचं असतं. आणि तार जराशी जरी चढी राहिली तर गाणारी बिचारी झगडत राहते आणि परीक्षकांना वाटतं हीच बेसूर. मागे बसणाऱ्या मुलीच्या हातात तुमचे निम्मे मार्क असायचे. मैत्रिणीवर एवढा विश्वास आम्ही अगदी सहज टाकायचो.

रागाच्या वेळा वगैरे सगळं बाजूला. सकाळी साडेअकराला, घामाने थबथबलेल्या आम्ही, मध्यरात्रीचा मालकंस गायचो.

त्या नव्या पेपरच्या निमित्ताने बिबवेवाडीतला स्टुडिओ बघायला गेलो आणि तिथलेच झालो. स्टुडिओ म्हणजे एका सोसायटीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, वर गोधड्या. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींना हात जोडून सांगायचं, दहा मिनिटं मिक्सर लावू नका. रवीदादा नावाचे गृहस्थ तो चालवायचे. देवीची, गणपतीची भक्तिगीतं निघायची तिथून. नावाजलेल्या गायिकेची तारीख मिळेपर्यंत वाट बघायला कुणाला वेळ नसायचा, म्हणून आधी आमच्यासारख्या मुलीकडून गाणं गाऊन घ्यायचे. त्याला ट्रॅक गाणं म्हणायचे. मग मोठी गायिका यायची, आमचा आवाज कानात ऐकत तेच गाणं गायची, आणि आमचा आवाज पुसून टाकायचे. कॅसेटवर नाव तिचं, आवाज तिचा. आमचा उपयोग शिवणाआधी घालतात त्या धावदोऱ्यासारखा. पण मायक्रोफोनसमोर उभं राहायला मिळायचं ना! तेवढ्यावर आम्ही खूश होतो.

वसतिगृहात मुलींना फोन घेता येत नसत. म्हणून वंदनानं रवीदादांना आमच्या घरचा नंबर दिला, पुढे पी.पी. लिहून. आताच्या मुलांना हे सांगावं लागतं. फोन दुसऱ्याचा, निरोप आपला, असा तो प्रकार. आमच्या इमारतीत फोन फक्त आमच्याकडे होता आणि अर्ध्या मजल्यांचे निरोप आम्हीच घ्यायचो. बाबांनी फोनशेजारी एक वही ठेवली होती, तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली. निरोप आला की लिहायचा, पोचवला की पुढे बरोबरची खूण. खूण नसली की बाबा जेवायला बसायचे नाहीत. म्हणायचे, "निरोप ही दुसऱ्याची वस्तू आहे. ती आपल्या घरात रात्रभर ठेवायची नाही."

त्या वर्षी प्रात्यक्षिक शुक्रवारी होतं. सोमवारी दुपारी फोन आला. घरात मी एकटीच.

रवीदादा नेहमीपेक्षा भरभर बोलत होते. देवीच्या कॅसेटमधल्या एका गाण्याचा ट्रॅक वंदनानं गायला होता, तो मुंबईच्या कंपनीच्या लोकांनी ऐकला. "ते म्हणतायत पुसायचा कशाला? हीच मुलगी ठेवा. आठही गाणी तिच्याच आवाजात ठेवायची म्हणतायत. गुरुवारी अकरा वाजता स्वतः येतायत ऐकायला. तिला सांग मीनल, नक्की ये. आणि अभिनंदन सांग माझ्याकडून."

मी पेन्सिल हातात घेतली होती. हे मला लख्ख आठवतं. वहीचं पान उघडं होतं, वरती चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या भावाचा निरोप होता, पुढे बरोबरची खूण केलेली. मी पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "पण दादा, तिची शुक्रवारी परीक्षा आहे. आदल्या दिवशी नाही जमायचं तिला."

हे अगदीच खोटं नव्हतं. म्हणूनच तर इतकं सहज बोलता आलं.

"अरेरे," रवीदादा म्हणाले. "असं कसं! विचार तरी तिला."

"विचारलं असतं, पण बाई सोडणार नाहीत."

मग ते म्हणाले, "कंपनीची माणसं तर येणारच. मग तू येतेस का? तुझीही परीक्षा असेल म्हणा."

"मी येईन," मी म्हणाले.

फोन ठेवला. वहीत काही लिहिलं नाही. संध्याकाळी बाबांनी सवयीप्रमाणे पान बघितलं, सगळ्या निरोपांना खुणा होत्या. ते निवांत जेवायला बसले.

मला सगळं ठाऊक होतं, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे माझी कुणी कीव करायला नको. वंदनाच्या वडिलांनी तिला परीक्षेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पुण्यात काही जमलं तर राहा, नाहीतर परत ये, दोन स्थळं बघून ठेवली आहेत. हे तिनं मलाच सांगितलं होतं, कॉलेजच्या जिन्यात बसून, कैरीची फोड अर्धी मला देत. "एक कॅसेट निघाली ना माझ्या नावाची," ती म्हणाली होती, "तर बाबा हट्ट नाही करणार. त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे फक्त." तो काहीतरीचा फोन माझ्या घरी आला आणि मी तो गिळून बसले.

मंगळवारी, बुधवारी आम्ही दोघींनी मिळून रियाझ केला. ती नेहमीसारखीच होती. मी जरा जास्तच गोड वागत होते. बुधवारी दुपारी ती म्हणाली, "मी जरा बिबवेवाडीला जाऊन येते, गाण्यांची वही द्यायची राहिली." मी लगेच म्हणाले, "परवा परीक्षा आहे, नंतर जा की." ती गेली. संध्याकाळी भेटली तेव्हा मी तिचा चेहरा निरखून बघितला. काही नव्हतं चेहऱ्यावर. म्हणाली, "ऊन लय होतं बाप्पा." वाटलं, रवीदादा भेटले नसतील.

गुरुवारी मी गायले. कंपनीची दोन माणसं काचेपलीकडे बसून चहा पीत होती. गाणं झाल्यावर त्यातले एक म्हणाले, "छान आहे," आणि रवीदादांकडे वळून हळूच काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण विचारलं काय ते कळलं. ती आधीच्या ट्रॅकवरची मुलगी कुठे आहे, हेच.

आणि शुक्रवार. पाठीमागे वंदना. परीक्षक बाहेरगावचे, कडक म्हणून प्रसिद्ध. मी बैठक मारली आणि मागून खुंटी पिळल्याचा तो बारीक करकर आवाज आला. तिनं बराच वेळ लावला. पहिली तार झाली, जोडाच्या तारा झाल्या, खर्ज झाला. मग पुन्हा एकदा वाकून तिनं दोरा सरकवला. बाई जराशा चुळबुळल्या, "अगं, आज लावून होईल ना?" ती म्हणाली, "झालंच बाई." आणि मग तंबोरा बोलायला लागला. इतका सुरेल तंबोरा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. मी डोळे मिटले आणि सा लावला. त्या दिवशी माझं गाणं माझं नव्हतंच, ती मागून मला नुसती उचलून धरत होती. गाणं संपलं तेव्हा बाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हं. पुढची."

तीन वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते हे.

मग मी मागे बसले, ती पुढे. तिच्यासाठी तंबोरा काळी चारला उतरवला. मला अजून नक्की सांगता येत नाही की मी तो नीट लावला होता का. ती गायली. परीक्षकांनी लिहिणं थांबवून मान वर केली. उठताना ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "छान गायलीस हं आज तू." त्याच रविवारी ती वर्ध्याला गेली. स्टँडवर सोडायला मी गेले नव्हते. घसा दुखत असल्याचं सांगितलं.

जूनमध्ये निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला. मी पेढे घेऊन रवीदादांकडे गेले आणि सहज विचारलं, माझा ट्रॅक ऐकायला मिळेल का एकदा. ते म्हणाले, "तो कुठला आता! मोठ्या गायिका येऊन गाऊन गेल्या, तुझा पुसला." पेढा तोंडात टाकत पुढे म्हणाले, "पण तुझी मैत्रीण गुणी हो. बुधवारी आली होती वही द्यायला. मी म्हटलं, अगं, परीक्षेचं काय घेऊन बसलीस, कंपनीची माणसं तुझ्यासाठी येतायत. दोन मिनिटं ती वहीच चाळत उभी राहिली. मग म्हणाली, 'मीनलनं सांगितलं ते बरोबर आहे. मला नाही जमायचं.' मी म्हटलं, बघ बाई."

तिला बुधवारीच कळलं होतं. दोन मिनिटांत तिनं ठरवलं होतं. मला खोटं पाडून ती गुरुवारी जाऊ शकली असती, तिचा हक्कच होता. शुक्रवारी तिच्या हातात माझे निम्मे मार्क होते. एक तार केसभर चढी ठेवली असती तर कुणाला कळलंसुद्धा नसतं. सगळं ठाऊक असताना ती मागे बसली आणि पुन्हा वाकून दोरा सरकवला. का, ते मला आजवर कळलेलं नाही. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मात्र नीट कळतं.

त्यानंतर मी गायला बसले की पाठ ताठ व्हायची. मागे कुणीतरी आहे असं वाटायचं. लाज वाटायची, दुसरा शब्द नाही. ऑगस्टमध्ये मी बाबांना म्हणाले, मला कॉम्प्युटर कोर्स करायचाय. बाबांना कोण आनंद झाला! लोक समजतात मी शहाणपणानं मार्ग बदलला. आयटीचे दिवस आले, मी वेळेवर गाडी पकडली. माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं, आणि त्यात मी चांगली आहे. ऑफिसातला एसी पांढरी चारमध्ये गुणगुणतो, हे सबंध मजल्यावर मला एकटीला ठाऊक आहे.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं आहे. कॅसेट तरी कुठे टिकल्या? पाच-सात वर्षांत सीडी आल्या, मग त्याही गेल्या, ती कंपनी बंद पडली, रवीदादांनी फ्लॅट विकला आणि कात्रजला मुलाकडे गेले. वंदनाची ती एक कॅसेट निघाली असती तरी पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक. हे सगळं खरं आहे आणि याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. तिला वडिलांना दाखवायला काहीतरी हवं होतं. ते माझ्या हातात होतं, पेन्सिलीसकट.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या जुन्या मुलींचा मोबाईलवर ग्रुप झाला. त्यात कुणीतरी फोटो टाकला. वर्ध्याला वंदना गाण्याचा क्लास घेते, समोर वीसेक मुली, ती हार्मोनियमवर, केस पांढरे झालेले, तेल अजून चप्प. खाली तिचा नंबर. मी तो साठवून ठेवला. दरवर्षी एप्रिलमध्ये समोरचा भूप सुरू झाला की तो उघडून बघते आणि बंद करते. पत्र लिहायला वीस वर्षं होती, तेव्हा लिहिलं नाही. नंबर मिळाल्यालाही तीन वर्षं झाली.

आज दुपारी समोरच्या क्लासमध्ये कुणीतरी तंबोरा लावत होतं. हल्ली सगळ्यांच्या मोबाईलमध्येच तंबोरा असतो, पण आज खरा होता. खुंटीची ती करकर तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. पंचम लागेना. मी मीटिंगमध्ये होते. मी हेडफोन काढून ठेवला, बाल्कनीत गेले आणि नंबर लावला.

एका मुलीनं उचलला. मागे पाच-सहाजणी भूपच म्हणत होत्या.

"वंदना आहे का?"

"मॅडम शिकवून राहिल्या. परीक्षा आहे ना आमची. काही निरोप आहे का?"

मी बाल्कनीचं दार ओढून घेतलं. "हॅलो? मी लिहून घेते ना," ती म्हणाली. "सांगा तुम्ही. नाव सांगा आधी."

"मीनल. पुण्याहून. तिला म्हणावं, बिबवेवाडीहून फोन आला होता. गुरुवारी अकरा वाजता बोलावलंय. आठही गाणी तिच्याच आवाजात ठेवायची म्हणतायत."

"येत्या गुरुवारी का?"

"नाही. तिला कळेल. आणि लिही, निरोप द्यायला मीनलला उशीर झाला."

मुलीनं सावकाश लिहिलं. मग सगळं पहिल्यापासून मला वाचून दाखवलं, माझ्या नावापासून उशिरापर्यंत. एकही शब्द गाळला नव्हता.

"ठेवू नकोस गं तुझ्याकडे," मी म्हणाले.

"नाही नाही," ती म्हणाली, "आत्ताच नेऊन देते."